रंगावर जाऊ नका: पावसाळी जंगलातले साप, बेडूक आणि कोळी

गोव्याच्या जंगलातल्या पावसाळी सहलींसाठी प्रश्न पाठवा, असे गेल्या अंकात सांगितले होते. गवे आणि बिबट्याबद्दल दोनच पत्रे आली. बाकी सगळी सरपटणाऱ्या आणि उड्या मारणाऱ्या मंडळींची, आणि बहुतेकांसोबत एक अंधुक फोटो व "हा कोण?" एवढाच मजकूर. त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

जुलैमध्ये चोर्ला घाटाजवळ दोन रात्री राहणार आहोत. गेल्या खेपेला मोलेच्या जंगलात जीपने फिरलो, तर माकडे आणि एक मोर सोडून काही दिसले नाही. साप-बेडूक दिसावेत म्हणून काय करावे? (साखळी)

जीपमधून उतरा. चालत्या गाडीतून गवा दिसतो, झुडपाच्या पानावर बसलेला दोन सेंटिमीटरचा बेडूक दिसत नाही. या प्राण्यांसाठी एक किलोमीटर चालायला दोन तास लागले पाहिजेत. त्याहून लवकर संपत असेल तर तुम्ही पाहत नाही, फक्त फिरता आहात.

वेळ अंधार पडल्यावरची, साधारण साडेसात ते साडेदहा. मुसळधार पावसात बाहेर पडू नका. बॅटरीचा झोत थेंबांवरच अडतो आणि पाण्याच्या आवाजात बेडकांचे ओरडणे ऐकू येत नाही. मोठी सर येऊन गेली, वारा नाही, पानांवरून पाणी ठिबकते आहे, हा सर्वांत चांगला वेळ.

बॅटरी हातात खाली धरू नका, डोक्याला बांधा किंवा कानशिलाजवळ धरा. प्रकाश आणि नजर एकाच रेषेत असली तरच प्राण्याच्या डोळ्यांतून परतणारी चमक तुमच्यापर्यंत येते. गवतात दवबिंदूसारखे हिरवट ठिपके लुकलुकताना दिसले की ते बहुधा लांडगा-कोळी असतात. दव जागचे हलत नाही, हे हलतात. सापाला मात्र या चमकीवर शोधता येत नाही, त्याचा आकारच शोधावा लागतो. गुडघ्यापासून डोक्याच्या उंचीपर्यंतची झुडपे, मोरीचे कठडे, व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठचे दगड, रस्त्याकडेला जांभा कापून केलेली ओली भिंत, या जागा बारकाईने पाहा. गेलात त्याच वाटेने परता. जाताना रिकामी असलेली फांदी येताना भरलेली असते.

दगड आणि ओंडके उलटण्याचा मोह आवरा. त्याखालचा ओलावा एकदा मोडला की तिथले गोगलगाय-बेडूक निघून जातात, आणि फुरसे बसलेले असेल तर तुमची बोटे आधी त्याच्यापाशी पोचतात.

अभयारण्यात रात्री वनखात्याच्या परवानगीशिवाय पाय ठेवता येत नाही. म्हणून रात्रीची फेरी बहुतेक ठिकाणी गावच्या रस्त्यावर किंवा यजमानांच्या बागायतीत होते. वाटाड्या स्थानिक घ्या, माणसे पाचच्या वर नकोत. पायात गमबूट, लांब पँट, एक जादा बॅटरी. जळवांसाठी मोज्यांवर तंबाखूचे पाणी किंवा मीठ चालते, पण तेच हात बेडकाला लावू नका. डास पळवण्याच्या मलमाचेही तसेच. बेडूक कातडीतून पाणी आणि हवा घेतो, त्यामुळे हातावरचे रसायन थेट त्याच्या अंगात जाते. घाटरस्त्याने रात्री गाडी नेणार असाल तर सावकाश. सर पडून गेल्यावर डांबरावर टोड आणि साप येतात आणि सकाळी त्यांच्या चपट्या खुणा उरतात.

बोंडल्याजवळ झुडपावर वेटोळे घालून बसलेला हिरवा साप दिसला. वाटाड्या चापडा म्हणाला, मित्र हरणटोळ म्हणतो. फोटो सोबत आहे. (फोंडा)

वाटाड्या बरोबर आहे, हा विषारी चापडाच (पिट वायपर). तुमच्या फोटोत दोन गोष्टी स्पष्ट दिसतात: अंगठ्याएवढे जाड अंग, आणि मानेहून एकदम रुंद झालेले त्रिकोणी डोके. हरणटोळ पेन्सिलीएवढी बारीक असते, डोके लांबट आणि टोकदार, आणि डोळ्याची बाहुली आडवी, कुलपाच्या भोकासारखी. चापड्याची बाहुली उभी. शिवाय डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये एक खळगा असतो. त्याने हा साप उष्णता जाणतो आणि अंधारातही उंदराचा नेम धरतो. खळगा दिसला की प्रश्न मिटला: तो चापडा-वंशातलाच.

आता रंगाबद्दल. मलबारी चापडा हिरवा, तपकिरी, पिवळा, नारिंगी, करडा अशा अनेक रंगांत येतो. एकाच व्हाळावर आज हिरवा आणि उद्या तपकिरी दिसला तर दोन जाती पाहिल्याचे समाधान मानू नका. याच्या पाठीवर गडद, थोडे नागमोडी ठिपके असतात आणि डोळ्यामागून एक गडद पट्टी जाते. बांबूचा चापडा सहसा सलग हिरवा, पोटाकडे पिवळसर, आणि बाजूने फिकी रेघ. हा जास्त करून बांबूच्या बनात किंवा थोड्या कोरड्या रानात. दोघांमधला फरक फोटोवरून कधीकधी शंभर टक्के सांगता येत नाही, आणि तसे लिहायला हरकत नाही.

चौथा एक हिरवा साप लोकांना फसवतो: गवत्या. हा जमिनीवर, गवतात राहतो. बाहुली गोल. चिडला की मान फुगवून नागासारखी चपटी करतो. पिल्लाच्या मानेवर काळी आणि पिवळी खूण असते. खाद्य प्रामुख्याने टोड.

हरणटोळीबद्दल "टाळू फोडते" ही समजूत अजून ऐकू येते. ती दिवसा हालचाल करते, तिचे दात मागे असतात, विष सौम्य. डोक्यावर उडी मारून टाळू फोडण्याइतकी तिची ताकदही नाही आणि तिला गरजही नाही. भ्यायली की मान फुगवते आणि खवल्यांमधली काळी-पांढरी कातडी दिसते. आणखी एक: २०२० मध्ये या गटाचा पुनर्विचार झाला, आणि ज्याला सगळे 'नासुता' म्हणत होते ती जात श्रीलंकेपुरती उरली. आपल्या उत्तर सह्याद्रीच्या जंगलातली हरणटोळ आता 'अहेतुला बोरिअॅलिस' म्हणून वेगळी धरतात. जुन्या पुस्तकातले नाव वाचून वाद घालू नका.

चापडा दिवसेंदिवस त्याच फांदीवर बसतो. म्हणून एका जागी पाहुण्यांना रोज तोच साप दाखवला जातो आणि 'चांगला फोटो यावा' म्हणून काठीने वळवला जातो. असा वाटाड्या पुढच्या वेळी बदला. दोन मीटर अंतर ठेवा आणि झूम वापरा. जमिनीवरच्या पाचोळ्यात हात ठेवण्याआधी तर नीट पाहाच. तिथे नकट्या नाकाचा चापडा असू शकतो: जेमतेम एक-दीड वीत, पानाच्या रंगाचा, नाकाचे टोक वर वळलेले.

घरात पांढऱ्या पट्ट्यांचा साप आला. एकाने मण्यार सांगितले, दुसऱ्याने कवड्या. दोन्ही फोटो बघून सारखेच वाटतात. पक्के कसे ओळखावे? (म्हापसे)

हा प्रश्न जिवाशी संबंधित आहे, म्हणून सावकाश.

पट्टे कुठे सुरू होतात ते आधी पाहा. मण्यारीचे बारीक पांढरे पट्टे बहुतेक वेळा जोडीजोडीने येतात, मानेपासून काही अंतरावर सुरू होतात आणि शेपटीकडे अधिक ठळक होतात. कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे विरत जातात. पण हे 'बहुतेक' आहे. लहान मण्यारीचे पट्टे मानेजवळूनही असतात, आणि काही पूर्ण वाढलेल्या मण्यारींच्या अंगावर पट्टेच नसतात. घाटातला त्रावणकोर कवड्या तर काळा आणि पांढऱ्या आडव्या पट्ट्यांचा, म्हणजे मण्यारीची नक्कलच.

खरी खूण पाठीच्या मधल्या ओळीत आहे. मण्यारीच्या पाठीच्या कण्यावर षटकोनी, बाजूच्या खवल्यांहून स्पष्ट मोठ्या खवल्यांची एक रांग असते. कवड्यात सगळे खवले जवळपास सारखे. ही रांग पाहायला पाठीचा फोटो वरून आणि जवळून लागतो. तोही झूमनेच. काठी, झाडू, चिमटा, काहीही घेऊन पुढे जाऊ नका. खूण दिसली नाही तर त्याला मण्यार समजा. कवड्याला मण्यार समजून दार बंद केलेत तर काही बिघडत नाही, उलटे झाले तर बिघडते.

मण्यार रात्रीची. जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्याला ती चावते आणि अनेकदा फारसे दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोट दुखणे, पापण्या जड होणे, गिळता न येणे अशी लक्षणे आली तर दंशाची खात्री करण्यात वेळ घालवू नका. पावसाळ्यात खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. घरात साप शिरला असेल तर नोंदणीकृत सर्पमित्र किंवा वनखात्याला बोलवा, पकडायला जाऊ नका. तो १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा भंगही होतो.

शाळेतल्या मुलांना घेऊन बेडकांची यादी करायची आहे. कोणती पद्धत वापरावी? (वाळपई)

हा आमचा आवडता प्रश्न आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

बेडूक कानाने शोधा, डोळ्याने ओळखा, फोटोने नोंदवा. पहिली पायरी आवाज: मोबाईल एक-दोन मीटरवर धरून एक मिनिट ध्वनिमुद्रण करा. सुरुवातीला तुम्हीच बोला: तारीख, वेळ, जागा, पाऊस चालू की थांबला, बेडूक कुठे आहे, म्हणजे पाण्यात, काठावर, गवतात, कमरेच्या उंचीच्या झुडपात. ही शेवटची माहिती अर्धी ओळख करून देते. जमिनीवरच्या बेडकाची आणि झाडावरच्या बेडकाची बोटे वेगळी असतात: झाडावरच्याच्या बोटांच्या टोकांना गोल गाद्या असतात.

दुसरी पायरी चार फोटो: एका बाजूने, वरून, समोरून, आणि मागच्या पायाची बोटे. मागच्या पायातला पडदा कुठपर्यंत आहे, हा अनेक जातींतला निर्णायक फरक असतो आणि तोच फोटो नेमका राहून जातो. आकारासाठी बेडकाच्या जवळ, त्याला न हलवता, दहा रुपयांचे नाणे ठेवा. ते २७ मिलिमीटर असते. बाजूच्या फोटोत डोळ्यामागचा कानाचा गोल पडदा दिसला पाहिजे.

मुलांना आधी सोपे द्या. टोड: कोरडी खडबडीत कातडी, डोक्यावर काळ्या टोकांच्या कडा, कानामागे फुगीर ग्रंथी. हा पावसाळ्यात प्रत्येक अंगणात आहे. पाण्यावरून टपाटप उड्या मारत पळणारा तो पाण्यावरचा टपऱ्या बेडूक, युफ्लिक्टिस. भिंतीवर, न्हाणीघरात, तांब्यामागे बसलेला तपकिरी तो पॉलिपेडेटिस मॅक्युलाटस. त्याचा आवाज लाकडावर ठोकल्यासारखा येतो. पाठीवर बाणासारखी नक्षी असलेला, नखाएवढा पण आवाजाने गावभर पसरणारा तो मायक्रोहायला.

बैल-बेडूक पहिल्या मोठ्या पावसात दिसतो. एरवी मातकट रंगाचा नर विणीच्या काळात पिवळाधमक होतो आणि गळ्याच्या दोन पिशव्या निळ्या. हा फार मोठा देखावा असतो आणि तो जेमतेम काही दिवसच चालतो. गोव्यात 'जंपिंग चिकन' म्हणून याचीच शिकार होते. कायद्याने बंदी आहे. याच दिवसांत अंडी घालायला आलेले नर-मादी पकडले जातात, म्हणजे पुढची पिढीच जन्माआधी ताटात जाते.

जंगलात गेल्यावर पाहण्यासारखे दोन प्रकार सांगतो. ओल्या जांभ्याच्या उभ्या भिंतीवर, पातळ पाण्याच्या थराखाली, लहान लांब शेपटीचे टॅडपोल चिकटलेले दिसले तर ते इंदिराना बेडकाचे. ते डबक्यात नव्हे, दगडावरच वाढतात आणि धोका वाटला की उड्या मारतात. आणि व्हाळाच्या काठी दगडांच्या फटीत बाहुली उभ्या चौकटीच्या आकाराची, कातडी सुरकुतलेली, असा बेडूक दिसला तर तो रात्र-बेडूक, निक्टिबॅट्रॅकस. सीमेपलीकडच्या कॅसलरॉकवरून त्यातली एक जात २००५ मध्ये वर्णिली गेली.

सर्वांत अवघड गट म्हणजे मिनर्वार्या, भातशेतीतले आणि सड्यावरचे (जांभ्याच्या पठारावरचे) किरकिरे बेडूक. सगळे सारखे तपकिरी, पाठीवर कधी पांढरी रेघ, कधी नाही. रेघेवर अजिबात भरवसा ठेवू नका. ती एकाच जातीत काहींना असते, काहींना नसते. या गटातली 'गोमंतकी' ही जात २०१५ मध्ये आणि सड्यांवरची 'गोयंची' २०१८ मध्ये प्रथम वर्णिली गेली. आपल्या पायाखाली असूनही विज्ञानाला आत्ता आत्ता कळलेल्या या जाती फोटोवरून सांगणे धोक्याचे. मुलांच्या वहीत 'मिनर्वार्या, जाती अनिश्चित' असे लिहू द्या. ते अपुरे उत्तर नाही, ते बरोबर उत्तर आहे.

हात लावू नये हे मुलांना सांगून कळत नाही, म्हणून कारण सांगा: बेडकांना मारणारी बुरशी जगभर पसरली आहे आणि ओल्या बुटांवरून ती एका डबक्यातून दुसऱ्यात जाऊ शकते. गावे बदलताना बूट धुऊन पूर्ण सुकवा.

विहिरीवरच्या फांदीला साबणाच्या फेसासारखा गोळा लटकतो आहे. कसला? (काणकोण)

उडत्या बेडकाचे घरटे, म्हणजे मलबार ग्लायडिंग बेडूक. पाठ हिरवीगार, बोटांमधले पडदे नारिंगी-तांबडे. मादी नराहून मोठी असते. ती पायांनी फेस घुसळून त्यात अंडी घालते, आणि अनेकदा पाने त्याभोवती ओढून घेते. बाहेरचा थर सुकून पिवळट होतो, आत ओल राहते. साधारण आठवड्याभरात टॅडपोल सुटून खालच्या पाण्यात टपकतात. म्हणून फांदी छाटू नका. डोणीच्या कडेला किंवा भिंतीला चिकटलेला फेस असेल तर तो घरातल्या पॉलिपेडेटिसचा असण्याची शक्यता जास्त. फेसाखाली पाणी नसेल, तर बादली पाणी ठेवा, एवढेच.

भाजीचा वाफा खणताना गांडुळासारखा, पण जाड आणि चकचकीत प्राणी निघाला. साप का? (केरी, सत्तरी)

साप नाही, देवगांडूळ. बेडकाच्याच उभयचर वर्गातला, पाय नसलेला प्राणी. खात्री करायची तर अशी: गांडुळाला जबडा नसतो, याला तोंड उघडताना दिसते. कातडी ओलसर, बुळबुळीत, अंगभर आडव्या वळ्या. काहींच्या कडेला पिवळा पट्टा असतो. मधला 'पट्टा' मात्र नसतो, जो मोठ्या गांडुळावर दिसतो. याउलट वाळा हा साप कोरडा, चकचकीत खवल्यांचा, शेपटीच्या टोकाला बारीक काटा. खापरखवल्या सापाची शेपटी तिरकी कापल्यासारखी, खडबडीत.

विषारी नाही, चावत नाही, शेताला फायदाच करतो. गोव्याच्या नावाची देवगांडुळाची एक जात, 'गेगेनिओफिस गोवएन्सिस', २००७ मध्ये वर्णिली गेली. शेणखताच्या खड्ड्याजवळ, कुळागराच्या (पोफळी-माडांच्या बागेच्या) मऊ मातीत हे राहतात. उन्हात ठेवलात तर पंधरा-वीस मिनिटांत सुकून मरतो. फावड्यावरच उचलून ओल्या पाचोळ्याखाली सोडा. मुले कौतुकाने मिठाच्या पाण्यात टाकतात, तसे करू देऊ नका.

कोळ्यांची ओळख कशी करावी? मोठा कोळी दिसला की भीती वाटते. (मडगाव)

भीतीपासून सुरुवात करू. गोव्याच्या जंगलात सहलीला जाणाऱ्याला जिवावर बेतेल असा कोळी भेटण्याची काळजी करण्यासारखी नाही. चावल्यास दुखेल, सूज येईल. तुम्हाला अधिक धोका त्याच्या जाळ्यात तोंड घालण्याचा आहे.

आधी तो कोळीच आहे ना ते पाहा. अंगाचे दोन भाग, मध्ये बारीक कंबर. पाय सुतासारखे लांब आणि अंग एकच मण्यासारखे, असा झुंडीने कातळावर थरथरणारा प्राणी हा कोळी नव्हे. त्याला कंबर नाही, रेशीम नाही, डोळे दोनच.

मग पाहा, जाळे आहे का? असेल तर त्याच्या आकारावर जा. वाटेवर आडवे पसरलेले, सोनेरी चमकणारे, माणसाच्या उंचीचे जाळे मोठ्या जंगली कोळ्याचे, नेफिला पिलिपेसचे. मधली अजस्त्र मादी दिसते. कडेला तांबूस, तिच्या मानाने डासासारखा दिसणारा तो नर. चांदीसारखे आणखी लहान कोळी दिसले तर ते चोर आहेत, तिने पकडलेले किडे खातात. जाळ्यात पांढऱ्या रेशमाची इंग्रजी एक्ससारखी नागमोडी नक्षी, आणि कोळी पाय जोडीजोडीने ताणून बसलेला, तर तो आर्जिओपे. पाठ कडक, काटे आलेली तो गॅस्टराकँथा.

जाळे नसेल तर डोळे. समोर दोन मोठे, दिव्यासारखे, तर उड्या मारणारा कोळी. दोन मोठे वर, त्याखाली चार लहान एका ओळीत, तर लांडगा-कोळी. पाय काटेरी आणि पानावर टिपत बसलेला, तर लिंक्स. घराच्या भिंतीवर तळहाताएवढा, चपटा, खेकड्यासारखा बाजूने पळणारा तो हंट्समन. अंड्यांची पिशवी कशी नेतो यावरही कळते: लांडगा-कोळी ती मागे शेपटाशी बांधून, हंट्समन चपटी पिशवी पोटाखाली धरून, नर्सरी-कोळी जबड्यात. लांडगा-कोळ्याची पिल्ले निघाली की आईच्या पाठीवर चढून बसतात. फोटो काढायला यापेक्षा चांगले काही नाही.

आंब्यावरच्या तांबड्या हुमल्यांमध्ये (मुंग्यांमध्ये) एखादा हुमला जरा अवघडल्यासारखा चालत असेल तर पाय मोजा. आठ असतील तर तो मुंगीसारखा दिसणारा उड्या मारणारा कोळी. पुढचे दोन पाय मिशा असल्यासारखे उचलून धरतो. नराचे जबडे इतके लांब की एक मुंगी दुसरीला उचलून नेत आहे असे वाटते.

मातीच्या उभ्या कापलेल्या बांधात रेशमाचे कड असलेले बोटाएवढे भोक दिसले तर ते टॅरंट्युलाचे बीळ असू शकते. झाकण असेल तर तो झाकणवाला कोळी, टॅरंट्युला नव्हे. बाहेर काढायला काडी घालू नका, आणि कोणी 'बघा, काढून दाखवतो' म्हणाला तर पैसे देऊ नका.

कुंभारजुव्याच्या कालव्यात मगर दिसते का? (बेळगाव)

दिसते. ती मगरच, खाऱ्या पाण्याची मोठी सुसर नव्हे. हा कालवा मांडवी आणि जुवारी यांना जोडतो, त्यामुळे पाणी मचूळ असते, पण ती तिथे नीट जगते. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, ओहोटीच्या वेळी, सकाळी उन्हाला चिखलाच्या काठावर येते. भरतीच्या वेळी होडीत बसलात तर फक्त खारफुटी पाहून परत याल. म्हणून आधी पणजीच्या भरती-ओहोटीचे कोष्टक बघा. तोंड उघडून पडलेली मगर रागावलेली नसते, अंगाची उष्णता बाहेर टाकत असते. बोट तिच्याजवळ नेऊ नका, आणि काठावर पाय सोडून बसू नका. आसपासच्या गावांत पौष अमावास्येला मातीची मगर करून पूजतात, तिला 'मांगे थापणी' म्हणतात. या मगरी टिकल्या त्यात या श्रद्धेचाही वाटा आहे.

कुळागरात उडता सरडा पाहायचा आहे. कुठे, कधी? (सावंतवाडी)

पोफळी आणि माड असलेले कुळागर, सकाळी आठ ते अकरा, पाऊस नसताना. फेब्रुवारी ते एप्रिल सर्वांत चांगले, तेव्हा नर गळ्याखालचा पिवळा पडदा पुन्हा पुन्हा ताणतो. सालीसारखा रंग असल्याने बसलेला दिसत नाही, हलला की दिसतो. एका पोफळीवर नजर लावून दहा मिनिटे उभे राहा, मान दुखली की खाली पाहा. पंखांवर तो उडत नाही, लांब झालेल्या बरगड्यांवरची कातडी पसरून तरंगतो. मादीचा गळपडदा लहान आणि निळसर.

साप चावलाच तर? (डिचोली)

माणसाला आहे तिथे बसवा, चावलेला अवयव न हलवता कापडाने आणि काठीने आधार द्या, अंगठी, कडे, बूट काढून टाका, १०८ ला फोन करा आणि वेळ लिहून ठेवा. दोरी बांधणे, कापणे, चोखणे, बर्फ, मांत्रिक: काहीही नाही. साप मारायला किंवा पकडायला जाऊ नका. तो दुसऱ्या माणसालाही चावला तर दोन रुग्ण होतात. लांबून झूमने फोटो मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तरी उपचार लक्षणांवरून होतात. जवळच्या आरोग्य केंद्रातून म्हापशाच्या किंवा मडगावच्या जिल्हा इस्पितळात किंवा बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) पाठवतील.

आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्यासाठी बनते. चापड्यांसाठी ते नाही, नकट्या नाकाच्या चापड्यासाठीही नाही. त्यामुळे चापडा चावला तर डॉक्टरांना जात सांगणे उपयोगी पडते. उपचार लक्षणांप्रमाणे चालतात: वेदना, सूज, रक्त गोठण्याची तपासणी. "चापडा फारसा विषारी नाही" असे म्हणून घरी थांबू नका.

आम्हाला दिसलेले प्राणी आम्ही फोनवर जागेसह शेअर करतो. चालेल का? (पर्वरी)

बेडूक, टोड, सामान्य कोळी, हरकत नाही. टॅरंट्युला, मलबारी चापडा, कासवांची घरटी, या तिन्हींबाबत जागा देऊ नका. टॅरंट्युला आणि आकर्षक सापांची पाळीव प्राण्यांच्या बाजारात मागणी असते, आणि गाजलेल्या जागी पुढच्या आठवड्यात गर्दी होते. गाव आणि तालुका पुरेसा. फोटो पाठवण्याआधी मोबाईलच्या सेटिंगमध्ये फोटोतून जागेची माहिती काढून टाका. नोंद वैज्ञानिक वापरासाठी पाठवणार असाल तर जिथे ठिकाण झाकण्याची सोय आहे तिथे ती वापरा. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडले कासवे रेतीवर येतात, तिथे बॅटरी आणि फ्लॅश दोन्ही बंद, आणि वनखात्याच्या माणसाने सांगितलेल्या अंतरावर थांबा.